चाळीस दिवसांचा ढीग

माझ्या मावशीने एकोणीस वर्षं तोफगोळे भरले. वितळलेली पिवळी दारू गोळ्यात ओतायची, थंड झाली की वरचा थर खरवडायचा, झाकण बसवायचं, पुढचा गोळा घ्यायचा. त्या दारूने हात मनगटापर्यंत पिवळे व्हायचे, कपाळावरचे केस तांबूस पडायचे, उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा डाग उमटायचा. भरणी शेडमधल्या बायकांना लोक 'पिवळ्या' म्हणत. काही जणी बाजारात जाताना हात पदराखाली झाकायच्या. मावशी उलट बाह्या वर सारून जायची. दुकानदाराने सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवले, की ती ते उचलायचीच नाही. "हातात दे," म्हणायची. तो देईपर्यंत मागची रांग खोळंबायची.

माझी आईही त्याच शेडमध्ये होती. दोघी बहिणी, एकाच पाळीला. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग अंगावर कुठेही निळे डाग. दाखल्यावर डॉक्टरांनी 'रक्ताचा आजार' एवढंच लिहिलं. कंपनीने फुलांचं चक्र पाठवलं होतं, ते मावशीने दारातूनच परत केलं. त्यानंतर मी मावशीकडेच वाढले, शिकले आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले.

कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, पण त्याचं मागचं मैदान तसंच पडून होतं. कारखान्यात जुने, खराब गोळेही यायचे. ते उकळत्या पाण्याने धुऊन रिकामे करायचे आणि ते पाणी मैदानातल्या खड्ड्यांत सोडायचं. शेडमधून निघताना पाणी साधं दिसे, उन्हात पडलं की गुलाबी होई. मी लहान असताना आम्हाला त्या खड्ड्यांची फार मौज वाटायची. आता खड्डे कोरडे होते, माती विटेसारखी लाल झाली होती आणि चार एकरांत गवताची काडी नव्हती.

मैदानाला लागून कामगारांची बारा घरं. प्रत्येक घरामागची दहा हात जागा त्या त्या घराच्या मालकीची, आणि कंपनीला तीच हवी होती. सगळ्या मैदानावर काँक्रीट ओतून गोदामं बांधायची होती. अकरा घरांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. बारावं घर मावशीचं.

एके दिवशी कंपनीचे जागांचे व्यवहार बघणारे साहेब स्वतः आले. मावशीच्या पुढच्या खोलीत एकच धड खुर्ची, ती तिने त्यांना दिली आणि आपण शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

"बाई, वर अर्धा फूट काँक्रीट आलं की प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "धूळ नाही, वास नाही. खालचं खाली राहील."

"खालीच विहिरीचं पाणी आहे," मावशी म्हणाली.

"ते सगळं तज्ज्ञांनी पाहिलंय."

"तज्ज्ञ पितात का तिथलं?"

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मग तुमचं म्हणणं काय? चार एकर माती उचलून नेऊ? कुठे टाकू? जिथे टाकीन तिथले लोक माझ्या अंगावर येतील."

"यायलाच हवेत."

मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "ही माती इथल्या इथे साफ करता येते."

जणू काही कपाट बोललं, अशा नजरेने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कशाने?"

"शेणाने."

ते मनापासून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मावशीने त्यांना पाणी दिलं. मी सांगत राहिले. माती एक भाग, बाकी शेण, पेंढा, लाकडाचा भुसा, भाजीपाल्याचा कचरा. सगळं कालवून ढीग घालायचा. त्यातले जंतू खायला लागले की ढीग आतून तापतो, हात लावला तर भाजेल इतका. खाता खाता ते दारूचीही मोडतोड करतात, आणि जे तुकडे उरतात ते खतात असे चिकटून बसतात की पाण्याबरोबर सुटत नाहीत. हे इतर ठिकाणी झालेलं आहे.

"किती दिवस लागतात?"

"चाळीस," मी म्हणाले. पुस्तकात तसंच होतं.

साहेबांनी हिशेब केला असावा, की चाळीस दिवसांनी ही म्हातारी हरेल आणि मुकाट्याने सही करेल. ते म्हणाले, "ठीक आहे. जुन्या भरणी शेडमध्ये एक ढीग घाला. चाळीस दिवसांनी माती साफ झाली नाही, तर सही."

"आणि झाली तर काँक्रीट नाही. चारही एकर असेच साफ करायचे, तुमच्या खर्चाने," मावशी म्हणाली. "आणि दर मोजणीला तुमचा कारकून हजर पाहिजे. आकडा लिहिला की खाली त्याची सही."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर सही मागतेय."

दुसऱ्याच आठवड्यात निकामी दारू हुडकणारं पथक येऊन, ढिगासाठी माती घ्यायची तो मैदानाचा तुकडा तपासून गेलं. त्यांनी मातीतले पिवळट खडे वेचून नेले. उरलेल्या मातीत दारू इतकी नव्हती की ती पेट घेईल, हे मी दोनदा तपासून खात्री केली. तरी मावशीने नियम घातला की आधी पाणी शिंपायचं, मग फावडं लावायचं, कोरडी धूळ कुणाच्या नाकात जाता कामा नये. एकोणीस वर्षं आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणाली आणि माझ्या तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने घट्ट केला.

भरणी शेडचं छप्पर अजून शाबूत होतं. खाली सिमेंटची फरशी, भिंतीला पाण्याचा नळ. मावशी अकरा वर्षांनी आत आली आणि थेट पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. "इथे मी," ती म्हणाली, "आणि तिथे तुझी आई." मग कंबरेला पदर खोचला. "ढीग तिथेच घाल. तिच्या जागेवर."

मी पुस्तकाबरहुकूम सगळं केलं. शेण घोड्यांच्या तबेल्यातून आणलं, भुसा लाकडाच्या वखारीतून, बटाट्याची सालं चिप्सच्या कारखान्यातून. वजनं केली, कालवलं, छातीएवढा ढीग रचला आणि त्यात दांड्याएवढा लांब थर्मामीटर खुपसला. तीन दिवसांत पन्नास अंशांवर जायला हवा होता. तिसऱ्या दिवशी एकोणतीस. पाचव्या दिवशी एकतीस. सहाव्या दिवशी पुन्हा एकोणतीस. कारकून रोज येऊन आकडा लिहायचा, सही करायचा आणि जाताना माझ्याकडे असं बघायचा, जसं नापास झालेल्या मुलीच्या बापाकडे बघतात.

मी पुस्तक उघडून बसले होते. मावशीने ते माझ्या हातातून काढून मिटलं.

"पुस्तकात घोडा आहे का?"

"काय?"

"शेण कुठलं आणलंस? तबेलेवाल्याला विचारलंस का, किती दिवसांचं आहे?"

विचारलं नव्हतं. आम्ही दोघी तबेल्यात गेलो. तबेलेवाला दाढीवाला, कमी बोलणारा माणूस. मी शेण उचललं ती जागा दाखवल्यावर तो म्हणाला, "ते दोन वर्षांपूर्वीचं. त्यात आता काही दम नाही. तुम्ही काही बोललाच नाहीत. मला वाटलं कुंड्यांना हवंय."

मावशी परत येताना रस्ताभर हसत होती. माझे मात्र डोळे भरून आले होते. चाळिसातले सहा दिवस माझ्या शहाणपणाने गेले होते. "मावशी, साहेबांकडे अजून दिवस मागू," मी म्हणाले.

"मागायचं नाही," ती म्हणाली. "चौतीस पुष्कळ झाले. मागितलं की ते देणारे होतात."

आम्ही ढीग पूर्ण मोडला. या वेळी शेण वाफाळतं, त्याच सकाळचं. पेंढा जास्त, म्हणजे आत हवा खेळेल. मी फार दाबून रचला होता, तेही मावशीच्या लक्षात आलं होतं. कालवून झाल्यावर नव्याने मोजणी केली. किलोभर मिश्रणात पंधराशे मिलिग्रॅम टीएनटी, म्हणजे तीच पिवळी दारू. कारकुनाने सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडचं दार उघडलं तर आत चष्म्याच्या काचा धुरकटल्या. ढिगातून वाफ निघत होती. थर्मामीटरवर छप्पन्न. मी तो काढून पुन्हा खुपसला. छप्पन्न. मावशीने ढिगाच्या कडेवर हातमोज्याचा हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"रागावलाय," ती म्हणाली. "बरं झालं. कुणीतरी रागावायला पाहिजेच होतं."

त्यानंतर एक दिवसाआड ढीग वरखाली करायचा, पाणी मारायचं आणि आठवड्याला नमुना काढायचा. नमुन्याचा अर्क करून त्यात मी औषधाचे थेंब टाकायचे. दारू असेल तर द्रव लाल होतो, जितकी जास्त तितका गडद. पहिल्या नळीतला लाल रंग पार काळपट होता. आठ दिवसांनी तो डाळिंबासारखा झाला. मावशीने दोन्ही नळ्या खिडकीत शेजारीशेजारी ठेवल्या आणि कारकुनाला म्हणाली, "या दोन्हींवर सही नाही करता येत, नाहीतर तीही घेतली असती."

कारकुनाने ही गोष्ट वर सांगितली असणार, कारण विसाव्या दिवशी शेडचा नळ बंद झाला. नळावर पाटी: 'दुरुस्तीचे काम.' दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. मी फोन केला. साहेब बैठकीत होते. दुसऱ्या दिवशीही बैठकीतच होते. ढीग वरून कोरडा पडायला लागला. पाणी गेलं की जंतू मरतात, जंतू मेले की उष्णता जाते, मग पुन्हा ती यायला आठवडा.

मावशीने बादली उचलली. तिच्या घरापासून शेड तीनशे पावलांवर. तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसायचं, पोटात उजवीकडे सतत दुखायचं आणि दोन बादल्यांमध्ये ती भिंतीला धरून उभी राहायची. मी किती सांगितलं तरी बसेना. चौथ्या फेरीला शेजारची शिलाईवाली आपल्या दारात आली. तीही जुनी पिवळी, आणि संमतीच्या कागदावर सगळ्यांत आधी सही करणारी तीच.

"काय चाललंय हे?" ती म्हणाली.

"दिसत नाही? पाणी चाललंय."

"सही करून टाक की गं बाई. किती दिवसांची आहेस तू?"

"जितक्या दिवसांची आहे तितके दिवस नाही करणार."

शिलाईवाली आत गेली. मला वाटलं, दार लावून घेतलं. ती दोन बादल्या घेऊन बाहेर आली. "सही केली म्हणजे काय हात गहाण टाकले?" असं पुटपुटत ती आमच्या पुढे निघाली. संध्याकाळपर्यंत सात बायका झाल्या. नळ नऊ दिवस बंद होता आणि नऊही दिवस पाणी आलं. या बायका त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकायला घाबरत होत्या, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी बादली उंबरठ्यावर ठेवून त्या परत फिरायच्या. चौथ्या दिवशी आतच बसून चहा पिऊ लागल्या होत्या. मावशीने त्यांना बाहेर हाकललं. "खायचं-प्यायचं बाहेर. आणि आधी हात धुवा. तेव्हा नाही धुतले, आता धुवा."

चाळिसाव्या दिवशी साहेब आले. सोबत प्रदूषण खात्याच्या अधिकारी बाई होत्या. मीच पत्र लिहून त्यांना बोलावलं होतं. नमुने त्यांनी स्वतः काढले, वरून, मधून, अगदी तळातून. साहेबांनी कोपरा दाखवला की कोपऱ्यातून. तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली आणि पाच दिवसांनी आम्ही सगळे त्या शेडमध्ये उभे राहिलो.

"टीएनटी पंधराशेवरून अठरा. मर्यादेच्या आत," अधिकारी बाई म्हणाल्या.

बायकांनी एकदम आवाज केला. साहेबांनी हात वर केला. "एक मिनिट. यांनी मातीत शेण आणि कचरा मिसळलाय. कशातही काहीही मिसळलं की आकडा खाली येणारच. त्याला साफ करणं म्हणत नाहीत."

आक्षेप बरोबर होता. म्हणजे, लबाड माणसाच्या तोंडी असला तरी प्रश्न बरोबर होता. मी वही उघडायच्या आत मावशीनेच ती कारकुनापुढे धरली.

"पंधराशे हा आकडा कधीचा, सांग त्यांना."

कारकून साहेबांकडे बघेना. "मिसळल्यानंतरचा," तो म्हणाला. "नुसत्या मातीचा याच्या चौपटीहून जास्त होता. तो आधीच्या पानावर आहे. खाली माझीच सही आहे."

अधिकारी बाईंनी वही हातात घेऊन दोन्ही पानं वाचली.

मग मावशी म्हणाली, "दुसरं पण सांग गं."

मी तिच्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी आमचं यावरूनच भांडण झालं होतं. खड्ड्यांत दुसरीही एक दारू होती, आरडीएक्स. ती पाण्याबरोबर जास्त लवकर खाली उतरते आणि ढिगात सावकाश मोडते. तिचा चौथा हिस्सा अजून शिल्लक होता. अहवालात आकडा होता, पण कुणी विचारल्याशिवाय आपण कशाला बोलायचं, असं माझं म्हणणं होतं.

"सांग," मावशी म्हणाली. "लपवायचं काम त्यांचं. आपलं नाही."

मी सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे माती साफ नाही! ठरलेलं काय होतं? सही!"

"ठरलेलं आठवतं मला," मावशी म्हणाली. तिने भिंतीचा आधार सोडला. "माती साफ झाली नाही तर सही. बरोबर. आता तुम्ही या बाईंसमोर म्हणा, की या मातीत अजून विष आहे. मोठ्याने म्हणा. अकरा वर्षं तुमची कंपनी लिहून देतेय की मैदानात काही नाही. इथे काही नाही, विहिरीत काही नाही, हिच्या आईच्या रक्तात काही नव्हतं. आज पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, साफ नाही. तेवढं कागदावर लिहा, मग त्याखाली मी सही करते. लगेच."

अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि साहेबांना विचारलं, "तुमचं आत्ताचं विधान मी नोंदवून घेऊ का?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही, लिहायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "माझा अर्थ तसा नव्हता." बाईंनी तेही लिहिलं.

काँक्रीटचा बेत महिन्याभरात रद्द झाला. ढीग आणखी वीस दिवस तापवला तेव्हा दुसरी दारूही मर्यादेच्या खाली आली. खात्याने कंपनीला चारही एकर याच पद्धतीने साफ करायला लावलं आणि विहिरींची तपासणी आपल्याकडे घेतली. दोन विहिरींवर, पाणी पिऊ नये म्हणून, लाल पट्टा ओढला गेला. त्यातली एक आमच्याच गल्लीची. ज्यांनी वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलं त्यांचं काय, याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मावशी दर महिन्याला तो प्रश्न लिहून पाठवते. उत्तर न आलेली पत्रं तिने मोजायची सोडून दिली आहेत, पाठवायची नाहीत.

ढीग फिरवायला कंपनी बाहेरून माणसं आणणार होती. मावशी म्हणाली, जुन्या पिवळ्या लागतील, बूट, हातमोजे, मास्क लागतील आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी लागेल. तसंच झालं. शिलाईवाली मुकादम झाली आणि पहिल्याच दिवशी मावशीशी पाण्याच्या मापावरून कडाक्याची भांडली. मावशीला तो दिवस फार आवडला.

पहिला एकर साफ व्हायला वर्ष लागलं. त्या वर्षात मावशीचं दुखणं वाढलं. यकृत निकामी होत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दगदग नको, प्रवास तर नकोच. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला लहानपणापासून माहीत आहे.

मग एके दिवशी तीन अनोळखी बायका शेडवर आल्या. त्यांच्या गावात याच कंपनीचा दुसरा कारखाना होता, तोही बंद, तिथेही गुलाबी खड्डे. त्यांच्याकडे काँक्रीटची गाडी पुढच्या सोमवारी येणार होती. मावशीने त्यांना ढीग दाखवला, वास घ्यायला लावला, तबेलेवाल्याची गोष्ट सांगितली. त्या निघाल्या तेव्हा तिने खुंटीवरची पिशवी काढली.

"मावशी, तू कुठेही जाणार नाहीस," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

सोमवारी सकाळी आम्ही त्या दुसऱ्या कारखान्याच्या फाटकाशी होतो. बसमध्ये तिला दोनदा उलटी झाली होती. फाटकावर एक लठ्ठ पहारेकरी, त्याची एक लोखंडी खुर्ची, आणि फाटकाबाहेर, आत शिरायच्या बेतात, काँक्रीटच्या दोन गाड्या, ड्रम फिरत असलेल्या. त्या तीन बायका आणि त्यांच्या मागे आणखी पंधरा-वीस जणी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, जरा मागे.

"आत जायचंय," मावशी पहारेकऱ्याला म्हणाली.

"परवानगी आहे?"

"नाही."

"मग साहेबांची परवानगी लागेल."

मावशीने त्याची खुर्ची ओढली, ती बरोबर फाटकाच्या मधोमध, गाड्यांच्या तोंडाशी ठेवली आणि सावकाश तिच्यात बसली. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"मग आण की," ती म्हणाली. "आम्ही बसलोय."